आम्ही अळी पाळली तो हंगाम

दिवाळी आवरते, फराळाचे डबे घासून फडताळात जातात आणि अमरावतीत ते दिवस सुरू होतात. सकाळी शाल हवीशी वाटते, दुपारी तीच शाल स्कूटीच्या डिकीत कोंबावी लागते. वलगाव रस्त्यानं कापसाच्या गाड्या शहरात येतात. ताडपत्रीतून सुटलेले पुंजके बाभळीच्या काट्यांना, विजेच्या खांबांना, कधी माझ्या ओढणीला चिकटतात. हवेत सरकीचा तो तेलकट, किंचित धुळकट वास असतो. या दिवसांत मला दरवर्षी काहीतरी विसरल्यासारखं होतं. गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, असं वाटत राहतं. परत जाऊन पाहावं तर दोन्ही केलेलं असतं. मग लक्षात येतं, की हे दिवस गौरीचे आहेत, माझ्या जुन्या वर्गातल्या एका मुलीचे.

मी सध्या बालवाडीच्या शिक्षिकांना आणि अंगणवाडी सेविकांना शिकवते. विषय एकच, प्रकल्पातून शिक्षण. लहान मुलाला आयतं सांगू नका, त्याला प्रश्न पडू द्या, मग त्या प्रश्नामागे महिना-दीड महिना चालत राहा. मोजणं, बोलणं, चित्र काढणं, एकमेकांचं ऐकणं हे सगळं त्या वाटेवर आपोआप येतं. मी हे मनापासून सांगते. पडद्यावर फोटो दाखवते. संत्र्याच्या बागेत गेलेली मुलं, शिंप्याच्या दुकानात टेपनं एकमेकांची डोकी मोजणारी मुलं. बायका हसतात, वहीत लिहून घेतात.

गेल्या आठवड्यात अकोल्यात वर्ग होता. मागच्या बाकावरच्या एका सेविकेनं विचारलं, "मॅडम, तुमचा एखादा प्रकल्प फसला का हो कधी?"

"फसले की एक-दोन," मी म्हणाले. तेवढ्यात चहा आला.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी त्याच प्रश्नाला धरून होते. फसला होता का तो? फसला असता तर बरं झालं असतं. फसलेलं सरळ सांगता येतं. मला तर इतक्या वर्षांत हेही ठरवता आलेलं नाही, की त्या महिन्यात आमच्या वर्गात जे झालं ते चांगलं झालं की वाईट.

तेव्हा मी अंजनगाव सुर्जीला होते. गावाच्या कडेला एक छोटी शाळा, पत्र्याचं छप्पर, मोठ्या केजीत बावीस मुलं. उन्हाळ्यात अमरावतीला प्रकल्प पद्धतीचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि नवीन नवीन उत्साह होता. दिवाळीनंतर 'कापूस' हा प्रकल्प घ्यायचा हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. झाड, बोंड, रुई, सूत, कापड असा रंगीत तक्ताही करून ठेवला होता. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात मुलांना न्यायचं, तिथली मोठी यंत्रं दाखवायची, असंही मनात होतं. मुलांना प्रश्न पडू द्यायचे, हे मी शिकून आले होते. पण कोणते पडू द्यायचे, तेही मीच ठरवून ठेवलं होतं.

गौरी तेव्हा पाच वर्षांची. दोन घट्ट वेण्या, नाक नेहमी थोडं वाहतं, बोलणं जवळजवळ नाही. हजेरीला नाव घेतलं की बोट वर करायची, बस. तिचे वडील प्रवीणभाऊ यांचं वावर गावाला लागूनच होतं. सकाळी तिची आई वेचणीला जायची तेव्हा गौरीला सोबत न्यायची. साडेनऊला वडील वावरात येऊन तिला गाडीवर बसवायचे आणि शाळेत सोडायचे. प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी मी सांगितलं होतं म्हणून तिनं पिशवी भरून बोंडं आणली. मी ती मुलांना वाटली. मुलं बोंडं दाबत होती, कापूस ओढत होती, मी तक्त्याकडे बोट दाखवत होते.

"मॅडम, याच्यात कोनी हाये," सोहम ओरडला.

न उमललेल्या बोंडाला एक बारीक भोक होतं. मी नखानं ते फोडलं. आत गुलाबी अळी होती. नखाएवढी, अंग आखडून घेतलेली, आणि इतकी सुंदर गुलाबी, की मीही तळहात उजेडाकडे वळवला. बावीस डोकी माझ्या हातावर वाकली.

"गुलाबी काऊन हाये हे?"

विचारणारी गौरी होती. जूनपासून तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

मग तक्त्याकडे कोण बघणार? अळीला काचेच्या बरणीत ठेवलं, तोंडाला मलमलचा तुकडा दोऱ्यानं बांधला. नाव पडलं चिंगी. मुलं रोज तिला नवं बोंड द्यायची, काड्यापेटीच्या काडीशी तिची लांबी ताडून बघायची. "आज काडीच्या अर्ध्याहून थोडी मोठी" असं अर्ध्याचं गणित मी कधी शिकवलं नव्हतं. मी मोबाइलवर त्यांना अळी, कोष आणि पतंग यांची चित्रं दाखवली. गौरी बरणीची राखणदार झाली. कुणी बरणी हलवली तर ती दोन्ही हात कमरेवर ठेवून बोलायची, "तुले कोनी असं हलवलं तर?" तिची आई एकदा फाटकाशी थांबून मला म्हणाली, "काय केलं तुमी पोरीले? घरी तोंड बंदच नाही होत तिचं." मी त्या दिवशी घरी जाताना गाणं गुणगुणत होते, हे मला स्पष्ट आठवतं. कोणतं, ते आठवत नाही.

प्रकल्पात जाणकार माणसाला वर्गात बोलवायचं असतं. मी प्रवीणभाऊंना बोलावलं. शेतकरी, शिवाय गौरीचे वडील. ते धुतलेला शर्ट घालून, केसांना पाणी लावून आले आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले. मुलांनी त्यांच्या हातात बरणी दिली.

त्यांनी बरणी डोळ्यांशी धरून फिरवली. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "मॅडम, हे तुमी पोसून रायले?"

"मुलं अभ्यास करताहेत," मी म्हणाले. माझ्याच आवाजाला मी ओशाळले.

"काका, चिंगी काय खाते?" सोहमनं विचारलं.

"आमचं खाते," ते म्हणाले. मुलं खदखदून हसली. तेही थोडं हसले. मग त्यांनी खिशातून एक बोंड काढलं, अंगठ्यानं फोडलं आणि मुलांना दाखवलं. आत कापूस पिवळा पडून चिकटला होता, सरकी पोखरलेली. "हे असं करते ते. मंग हा कापूस कोनी घेत नाही."

"मंग तुमी तिले मारता?"

"हो, मारा लागते. फवारा मारतो."

गौरी वडिलांकडे अशी बघत होती, जशी मुलं ओळखीच्या घरात अनोळखी माणूस दिसल्यावर बघतात. प्रवीणभाऊ उठले. मला म्हणाले, "येतो मॅडम. वावरात मानूस थांबला हाये." थांबलेलं कुणी नसावं.

मी त्या दिवशीच बरणी वर्गातून काढायला हवी होती का? की तोच दिवस खऱ्या शिक्षणाचा होता? आपल्या शाळेत कापूस म्हणजे पांढरं सोनं, शेतकरी म्हणजे राजा. आमच्या मुलांसमोर पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं होतं. प्रशिक्षणात शिकवलं होतं, की मुलांसमोर खरं जग येऊ द्या. मी आजही वर्गात हे वाक्य म्हणते, आणि म्हणताना माझा आवाज थोडा खाली येतो. तो का येतो ते कुणी विचारत नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी गौरीनं एक काड्यापेटी आणली. उघडली तर आत राखाडी-तपकिरी बारीक पतंग होते. काही मेलेले, एखादा पाय हलवणारा.

"हे चिंगीची आई हाये, मावशी हाये, आजी हाये," ती सांगू लागली.

"कुठून आणलेस?"

"वावरातून."

मी आणखी काही विचारलं नाही. वावरात पतंग असतातच, मला वाटलं. उलट मला भरून आलं. पाच वर्षांच्या मुलीनं अळी आणि पतंग यांचा संबंध स्वतःहून जोडला होता. आम्ही ते पतंग मोजले. भिंतीवर मोठा कागद लावला. सोमवार, मंगळवार असे वार लिहिले आणि प्रत्येक वारापुढे मुलांनी जितके पतंग तितकी ठिपक्यांची रांग काढली. गौरी रोज नवी काड्यापेटी आणायची. रांगा लांब होत गेल्या. ज्या मुलांना दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं ती वीसपर्यंत पोचली. सोहम म्हणाला, "मॅडम, रोज जास्त होऊन रायले." मी त्याची पाठ थोपटली. आलेख वाचणं म्हणतात याला. पाच वर्षांच्या मुलानं आलेख वाचला होता.

मीही वाचायला हवा होता.

महिन्याच्या शेवटी प्रकल्पाचं प्रदर्शन ठेवलं. पालक आले. चित्रं, मातीच्या अळ्या, कापडाचे पतंग, आणि मधोमध बरणी. बरणीत चिंगीनं कोष केला होता, त्यामुळे बघण्यासारखं फारसं नव्हतं. तरी मुलं एकेकाला ओढून नेत होती. प्रवीणभाऊ भिंतीपुढे थांबले. ठिपक्यांच्या रांगांवरून त्यांचं बोट हळूहळू फिरत होतं. ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं आणि परत पहिल्या रांगेवर आलं.

"मॅडम, हे कायचे हाये?"

"पतंगांचे. गौरी रोज वावरातून आणते ना. मुलांनी मोजलेत."

"कोठून आणते म्हणे?"

मी गौरीला हाक मारली. तिनं मोकळेपणानं सांगितलं. वावरात बाबांनी काठ्यांना पिशव्या बांधल्या आहेत. त्यात रात्री पतंग येतात. सकाळी आई वेचत असते तेव्हा ती पिशवीचं खालचं रबर काढते, पतंग पेटीत घेते, रबर परत लावते. "सगळे नाही आनले. दोन दोन ठेवले, घर राखाले," ती म्हणाली.

प्रवीणभाऊंनी मला समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. त्या पिशव्या म्हणजे सापळे. त्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर पतंग त्यात येऊन अडकतात. ते रोज साडेनऊला गौरीला न्यायला आले की पिशव्या पाहायचे. किती पतंग आले यावर ठरतं, फवारा मारायचा की थांबायचं. पिशवीत रोज दोनच दिसत होते. म्हणून ते थांबले होते. आजूबाजूच्या वावरांत फवारे चालू होते आणि ते सगळ्यांना सांगत होते, की माझ्याकडे यंदा काही नाही.

आमच्या मुख्याध्यापिका पुढे झाल्या आणि कागदाला हात घालून म्हणाल्या, "काढून टाका हे आधी."

"राहू द्या बाई," प्रवीणभाऊ म्हणाले. "पोट्ट्यांनी बराबर मोजलं हाये. म्याच नाही मोजलं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या वावरात गेले. पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, वरून हिरवीगार होती. त्यांनी एकेक बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवलं. पहिलं, दुसरं, तिसरं. सातव्या बोंडानंतर मी हात मागे घेतला. "माझी चूक आहे," मी म्हणाले. ते म्हणाले, "तुमची कायची? तुमी थोडीच पिशव्या सोडल्या." मग थोड्या वेळानं, "पोरीले रागावू नका. मीबी नाही रागावलो." मला वाटत होतं त्यांनी मला काहीतरी बोलावं. गौरीची आई बांधावर ओच्यातला कापूस गोणीत भरत होती. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तेवढ्यानंच जरा बरं वाटलं.

पुढच्या वेचण्या गेल्याच. त्यांनी पराटी लवकर उपटली आणि त्या जागेवर हरभरा पेरला. तो कसा झाला ते विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

आणि प्रदर्शनाच्याच आठवड्यात कोषातून चिंगी बाहेर आली.

गुलाबी काही उरलं नव्हतं. मातकट, शेपटाशी झालर असलेला, आखूड पतंग. मलमलीच्या आतल्या बाजूनं चिकटून बसलेला. मुलं वेडी झाली. "उद्या सोडू मॅडम, उद्या सोडू," असं ओरडत घरी गेली. गौरीनं बरणीवर फक्त एकदा हात फिरवला.

वर्ग रिकामा झाल्यावर मी बरणीसमोर बसले. बाहेर दुपार होती, मैदानात सेविका झाडू मारत होती, त्याचा खरखर आवाज येत होता. माझ्या डोळ्यांपुढे ती सात बोंडं होती. खिडकीबाहेर थोड्याच अंतरावर कुणाचीतरी पराटी उभी होती. हा एक पतंग सोडल्यानं काय होणार, हेही कळत होतं. तरी प्रवीणभाऊंची मुलगी ज्या वर्गात आहे, त्या वर्गातून तो उडवायचा, टाळ्या वाजवायच्या, हे मला जमेना. मी मलमलीवरून अंगठ्यानं त्याला दाबलं. काहीच आवाज झाला नाही. मग मलमलीवर टिचकी मारली. तो बुडाशी पडला, वाळलेल्या बोंडांमध्ये. दोरा सोडून दोन काड्यांनी मी त्याला बोंडाच्या सालीखाली सरकवलं आणि दोरा परत बांधला.

सकाळी मी मुलांना सांगितलं, की चिंगी उडून गेली.

मुलं हिरमुसली, मग पंख पसरून वर्गभर उडू लागली. गौरी बरणीपाशी गेली. तिनं बरणी फिरवून फिरवून पाहिली. महिनाभर मी तिला हेच शिकवलं होतं, की नीट बघ, घाई करू नको.

"मॅडम, दोरा तं बांधलाच हाये," ती म्हणाली. "मंग ते गेली कोठून?"

सगळी मुलं थांबली. मी काय काय म्हणू शकले असते. म्हणाले, "मी तुमच्याशी खोटं बोलले. मी तिला मारलं. गौरीच्या बाबांच्या वावरातल्या बोंडांचं वाईट वाटलं म्हणून." दोन मुली रडायला लागल्या. सोहम म्हणाला, "तुमी तं म्हणे हळू हात लावाचा." गौरीनं बरणी खाली ठेवली आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली. दिवसभर हजेरीसारखं बोट वर करण्याखेरीज तिनं काही केलं नाही.

खरं सांगितलं याचं मला त्या संध्याकाळी समाधान वाटत होतं. एवढं तरी मी बरोबर केलं, असं.

दुसऱ्या दिवशी प्रवीणभाऊ गौरीला घेऊन नेहमीपेक्षा लवकर आले. त्यांनी गाडी बंद केली, पण खाली उतरले नाहीत. आता मात्र त्यांचा आवाज चढलेला होता.

"मॅडम, मारली तं मारली. पोरीले सांगतलं काऊन?"

"खोटं बोलून मला राहवेना."

"मी किती दिस घालवले तिले समजावाले! तिले म्हटलं, बाई, वावरातली मारा लागते अन् शाळेतली सोडून देतात. दोन जागा, दोन कायदे. ते बसलं होतं तिच्या डोक्यात. माह्यासंगं पुन्ना बोलाले लागली होती. काल घरी येऊन म्हणते, मॅडमबी मारते. आता मी काय सांगू तिले? तुमी मले इचाराचं तं होतं."

मी त्यांच्यासाठीच मारला होता तो पतंग. हे त्यांना सांगावं असं ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. त्यांनी न मागितलेली गोष्ट मी त्यांना दिली होती, आणि त्यांनी मुलीसाठी जपून ठेवलेली एक जागा मी बुजवून टाकली होती. बरणीच ठेवायला नको होती, की पतंग सोडायला हवा होता, की खोटंच निभावायला हवं होतं, मला काही कळेना. आजही, यांतलं एक निवडा असं कुणी म्हटलं, तर मी सकाळी एक निवडीन आणि दुपारी दुसरं.

"आता तुमीच सांगा तिले," असं म्हणून त्यांनी गौरीला गाडीवरून खाली उतरवलं.

ती माझ्यासमोर दप्तराचा बंद धरून उभी राहिली. केस ओले होते, वेण्या इतक्या घट्ट, की भुवया वर ओढल्या गेलेल्या. मी खाली बसले. तिच्या डोळ्यांशी डोळे आले.

"गौरी, खरं सांगू? काय करायचं ते मला कळलंच नाही गं."

तिनं वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नाक वर ओढलं.

"मंग आमाले इचाराचं होतं ना, मॅडम," ती म्हणाली, आणि माझ्या बाजूनं निघून वर्गात गेली.